आज नारळ कुणाला?

माझ्या हातून एकदा माझ्याच घरचं लग्न जाहीर झालं. घरात लग्नाचं कुणी नव्हतं. मुलगी पुण्यात शिकत होती, माझं स्वतःचं लग्न बऱ्याच वर्षांपूर्वी उरकलेलं होतं, आणि त्याचा पुरावा शेजारीच बसून लसूण सोलत होता.

झालं असं, की रविवारी दुपारी फोनवर एक पत्रिका आली. नंबर अनोळखी, पण मजकूर जिव्हाळ्याचा : ‘लग्नाला अगत्य यायचं बरं का.’ आता इतक्या अगत्यानं बोलावणाऱ्याला ‘आपण कोण?’ असं विचारणं माझ्या जिवावर येतं. मी पत्रिका उघडायला गेलो. ती उघडेना. फोन एकामागून एक परवानग्या मागत राहिला आणि मी अक्षता टाकाव्यात तशा त्या देत राहिलो. पत्रिका शेवटपर्यंत उघडली नाही, पण थोड्याच वेळात ती माझ्या फोनमधून, माझ्या नावानं, इस्त्रीवाल्यापासून कंपनीच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना गेली. कंपनीत ‘अनोळखी फाईल उघडू नका’ ही सूचना फलकावर लावण्याचं काम माझ्याकडे आहे, हेही इथंच सांगून टाकतो.

मग फोन सुरू झाले. सोयगावची आत्या रडवेली होऊन म्हणाली, “पोरीचं ठरवलंस आणि सख्ख्या आत्याला कार्ड फोनवर?” मावसभावानं आवाज खाली आणून विचारलं, “दादा, दुसरं का?” बायकोनं लसणावरून नजर न काढता सांगितलं, “अहो, नवरी कोण ते तेवढं लवकर कळवा. मला साडी घ्यायला बरी.”

एवढ्यात गुरुजींचा फोन आला.

“पत्रिका आली तुझी. उघडली नाय मी. आधी हे सांग, माझ्याशिवाय लग्न जमलंच कसं?”

गुरुजींचं म्हणणं रास्त होतं. तुमच्याही कॉलनीत असा एक माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय कुणाची सोयरीक होत नाही. आमच्या गारखेड्याच्या कॉलनीत ते गुरुजी होते. मूळचे देवगाव रंगारीचे, घरची शेती. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, आज सोयगावला तर उद्या आणखी कुठं. वर्गात ते शुद्ध पुस्तकी बोलत असत म्हणे. शाळेच्या फाटकाबाहेर पडले की देवगाव रंगारी सुरू. कुणीही भेटलं तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच : “गाव कोणतं तुमचं?” गॅसची टाकी आणणारा असो, नाही तर फ्रिज दुरुस्त करणारा. गाव कळलं की आडनाव, मग मामाचं गाव, मग “लग्नाचं कुणी हाय का घरात?” फ्रिजवाल्याच्या बहिणीचं लग्न त्यांनी असंच जमवलं होतं. फ्रिज मात्र तसाच राहिला.

“निरोपात गाव नाय, मामाचं नाव नाय. असली पत्रिका असती का कुठं?” ते म्हणाले आणि पाच घरं ओलांडून स्वतःच आले. आल्या आल्या त्यांनी माझा फोन बंद करायला लावला, बायकोच्या फोनवरून बँकेला कळवायला लावलं, आणि मी कपाळाला हात लावून बसलो तेव्हा दटावलं, “आधी बँक, मग पोलीस, मग रडायचं. क्रम चुकवायचा नाय.”

खात्यातलं काही गेलं नव्हतं. चोराला हात घालावासा वाटेल असं तिथं फारसं नसावं. पण गुरुजी जाताना दारात थांबले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, “येत्या रविवारी देवळात ये. नारळ तुझा.”

हा नारळ काय ते सांगायचं तर गुरुजी स्वतः कसे फसले ते सांगायला हवं. ते मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की मला त्यातले दोन्ही आवाज काढता येतात.

एका सकाळी त्यांना फोन आला. “गुरुजी, ओळखलं का?”

“कोण रे?”

“काय गुरुजी, विसरलात ना मला!”

इथं गुरुजी गोष्ट थांबवत आणि आमच्याकडे बघत. “आता सांगा, विद्यार्थ्याला विसरलो असं मास्तरनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी विचारलं, गाव कोणतं तुझं? तो गप्प. मला वाटलं, बिचारा रुसला. म्हणून मीच म्हणलो, सोयगावचा का रे? तो म्हणला, हो गुरुजी. मी म्हणलो, म्हणजे गोट्या का? तो म्हणला, गोट्याच! मी म्हणलो, अरे, तुझा आवाज लई बदलला. तो म्हणला, वय झालं गुरुजी.” मग मांडीवर थाप मारून ते म्हणत, “पेपर मीच फोडला, उत्तरं मीच सांगितली, अन् पासही मीच केलं!”

या गोट्याची बायको शहरातल्या एका दवाखान्यात होती आणि त्याला तातडीनं पैशाची मदत हवी होती. गुरुजींनी केली. एवढंच करून ते थांबले नाहीत. संध्याकाळी सुनेकडून मुगाची खिचडी करून घेतली, डबा घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेले आणि वॉर्डा-वॉर्डात गोट्याच्या बायकोला शोधत फिरले. ती कुठंच नव्हती. शेवटी एका नर्सनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, “बाबा, तुम्हाला फोन आला होता का?” तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. डबा त्यांनी बाकावर उपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला दिला. “खिचडी तेवढी खऱ्या माणसाला पोचली,” असा त्यांच्या गोष्टीचा शेवट असे. आणि मग गोष्टीचं तात्पर्य, फळ्यावर लिहावं तसं सावकाश : “ज्याच्याबद्दल निरोप, त्यालाच फोन. खऱ्या गोट्याचा नंबर होता माझ्याकडं. एक फोन लावला असता तर तो म्हणला असता, गुरुजी, बायको इथं भाकरी करतीय.”

घरी मुलगा म्हणाला, “बाबा, झालं ते झालं. बाहेर कुठं बोलू नका.” त्याचंही चुकलं नव्हतं; आपण सगळे हेच म्हणतो. गुरुजी म्हणाले, “चोरी त्यानं केली, अन् तोंड मी लपवू व्हय?”

आमच्या देवळाच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी ज्येष्ठांची बैठक असते. त्या आठवड्यात ज्याचा वाढदिवस असेल त्याला शाल पांघरतात आणि नारळ देतात. शाल एकच आहे, ती परत घेतात. त्या रविवारी वाढदिवसाचे गृहस्थ लेकीकडे गेलेले, त्यामुळे नारळ शिल्लक होता. गुरुजी उठले, नारळ स्वतःच उचलला आणि म्हणाले, “हा मला द्या. मी फसलो.” आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, दोन्ही आवाजांत, खिचडीसकट. लोक पोट धरून हसले. गुरुजींनी हसू दिलं. मग हसणं थांबल्यावर, मागच्या रांगेतले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांच्यासमोर आम्ही सगळे जरा दबूनच असायचो, ते हळूच उभे राहिले. “मीही,” म्हणाले. घरी त्यांनी अजून सांगितलेलं नव्हतं. त्यांची बायको पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणून इतके दिवस जेवत नव्हता होय?”

तेव्हापासून जो फसेल आणि येऊन सांगेल त्याचा सत्कार व्हायला लागला. बैठक सुरू झाली की गुरुजी हातात नारळ घेऊन उभे राहायचे : “बोला, आज नारळ कुणाला?” नियम मोजके. समोरचा जे बोलला ते शब्दन् शब्द सांगायचं, म्हणजे बाकीच्यांचे कान तयार होतात. सांगताना हसायला परवानगी. सांगून झाल्यावर नाही. नंतर कुणी चेष्टा केली तर गुरुजी अशा नजरेनं बघायचे, की सत्तरीचा माणूस हात मागं घेऊन उभा राहायचा.

कुणाला वीज तोडण्याचा फोन आलेला असे, कुणाला लॉटरीचा, कुणाला परदेशातल्या भाच्याचा. गोष्टी वेगवेगळ्या, पण एक वाक्य सगळ्यांत असायचं, ते गुरुजींनी हेरलं होतं. शेवटी ते सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. “समोरचा म्हणला, कुणाला सांगू नका, की आपण काय करायचं?”

सगळा सभामंडप बाळबोध सुरात ओरडायचा, “आधी सांगायचं!”

माझा सत्कार झाला त्या दिवशी मी शाल पांघरून लग्नाच्या पत्रिकेची हकीकत सांगितली. भरपूर हशा घेतला. घरी आल्यावर बायकोनं नारळ फोडून चटणी वाटली आणि ताटात वाढत म्हणाली, “घ्या. तुमच्या अकलेची.” पुढं मला आणखी नारळ मिळाले. आमच्याकडे चटणीला कधी तोटा पडला नाही.

आईला मात्र हे प्रकरण पसंत नव्हतं. ती बैठकीला पहिल्या रांगेत बसायची, हसायची, सुरात सूरही मिळवायची. पण नारळाबद्दल तिचं मत ठाम. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे असते. वडिलांच्या आजारपणात बँक, दवाखाना, कोर्ट सगळं तिनं एकटीनं पाहिलेलं. “नारळ घ्यायला अक्कल बाहेर ठेवून यावं लागतं,” ती म्हणायची, “माझी अजून घरात आहे.”

“वहिनी, तुमचा नारळ मी राखून ठेवलाय,” गुरुजी म्हणायचे.

“नासून जाईल तो गुरुजी.”

“बघू की.”

हा संवाद जवळजवळ दर रविवारी व्हायचा. दोघांनाही तो आवडत असावा.

आणि मग तो पाण्याचा दिवस आला.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. इतक्या दिवसांनी येतं, की पाणी आलं ही बातमी असते आणि ती घरोघर देणं हे पुण्याचं काम. आमच्या गल्लीत ते गुरुजी करायचे. घंटी वाजवायची, “नळ आला, मोटार लावा!” आणि पुढच्या दारात. त्या दुपारी बायको ती शिकवते त्या शाळेत होती, मी कंपनीत. आई एकटी घरी. पुढचं मला नंतर दोघांच्या तोंडून कळलं.

गुरुजींनी घंटी वाजवली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. आमच्या शहरात नळ आलेला असताना दार न उघडणारा माणूस गावाला तरी गेलेला असतो, नाही तर त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. चपला तर दारातच होत्या.

“वहिनी! नळ आला!”

आत आई फोनसमोर बसली होती. फोनमध्ये वर्दीतला एक माणूस होता, मागं भिंतीवर कसलंसं मोठं बोधचिन्ह. तो सांगत होता, की तिच्या मुलाच्या नावानं आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, मुलगा आमच्या ताब्यात आहे, आणि तुम्हीसुद्धा आता कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, दार उघडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बोललात तर मुलाचं अवघड होईल. मध्येच त्यानं कुणाचं तरी रडणं ऐकवलं होतं. आईच्या मांडीवर मुदत ठेवीची पावती होती आणि ती कुठल्या खात्यात वळती करायची ते तो आता सांगणार होता.

घंटी ऐकून तो म्हणाला, “कोण आहे? घालवून द्या.”

आईनं जागेवरूनच आवाज दिला. “गुरुजी, आज पाणी नको मला. माझा नारळ तेवढा आणून ठेवा.”

वर्दीवाल्यानं ते ऐकलं आणि त्याला काही खटकलं नाही. म्हातारी नारळ मागवतेय, मागवू दे. दारातल्या माणसाला मात्र सगळं कळलं.

गुरुजींनी आरडाओरडा केला नाही, दार ठोठावलं नाही. ते बाजूच्या बोळातून आईच्या खोलीच्या खिडकीपाशी गेले. “ज्याच्याबद्दल निरोप, त्यालाच फोन” हे आयुष्यात एकदा चुकवलेलं, आता चुकवायचं नव्हतं. पण निरोप कुणाबद्दल होता हे त्यांना कुठं ठाऊक होतं? नंतर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “त्या बाईला पैशाची भीती घालून कुणी खोलीत बसवू शकत नाय. तुझीच घातली असणार.”

मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भजी खात असताना त्यांचा फोन आला.

“कुठं हायस?”

“कॅन्टीनमध्ये,” मी म्हणालो. ते ‘कँहीमंदे’ असं काहीतरी ऐकू गेलं असणार.

“धरलंय का तुला कुणी?”

“मला? कोण धरणार?”

“मग हेच मोठ्यानं बोल. तुझी आई ऐकतीय.”

त्यांनी फोनचा आवाज वाढवला आणि हात गजांतून आत घातला. मला काहीच उमजलं नव्हतं, पण गुरुजींनी सांगितलं की करायचं ही सवय. मी भरल्या तोंडानं ओरडलो, “आई, मी कंपनीत आहे! भजी खातोय! काय झालं?”

वर्दीवाला लगेच म्हणाला, “हा आवाज खोटा आहे. यंत्रानं काढलेला आहे. लक्ष देऊ नका.”

आई नंतर म्हणाली, “आवाज करतील रे खोटा. तोंडात घास घेऊन बोलायची ती घाणेरडी सवय कोण करेल? जन्मभर मागं लागले, ती मोडली नाही.” तिनं त्या माणसाकडे एकदा नीट बघितलं आणि फोन बंद केला.

दार उघडून तिनं पहिला प्रश्न विचारला, “पाणी गेलं का?”

“हाय अजून. मोटार लावा.”

ती मोटारीपाशी गेली. बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबलं जाईना. गुरुजींनी बटण दाबलं. मग पायरीवर बसले आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. थोड्या वेळानं आईही शेजारी येऊन बसली.

मी धापा टाकत घरी पोचलो तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. वरची टाकी भरून पाण्याची धार अंगणात पडत होती, आणि त्या दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं. आमच्या गल्लीत टाकी भरून वाहतेय आणि कुणी बोंब मारत नाही, हे दृश्य मी तेवढं एकदाच पाहिलंय. आई मला बघून उठली. माझ्या दंडाला हात लावून बघितला, आणि शर्टाला पुसलेले तेलाचे डाग बघून म्हणाली, “रुमाल नव्हता का?”

त्या रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून बैठकीला गेली. गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं, “बोला, आज नारळ कुणाला?” आई उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, “पण तुम्ही कुठं फसलात? तुम्ही तर वाचलात.”

“फसले,” आई म्हणाली. “माझा मुलगा कसा आहे ते मला जन्मापासून ठाऊक. त्या वर्दीवाल्याला मी त्याच दुपारी पहिल्यांदा बघितलं. आणि मी विश्वास ठेवला त्याच्यावर.”

नियमाप्रमाणे आता हसायला परवानगी होती, पण कुणाला ते जमेना. तेव्हा गुरुजी शाल झटकत म्हणाले, “ते ठीक हाय वहिनी, पण त्याचं गाव विचारलं का?”

“राहूनच गेलं बाई!” आई म्हणाली, आणि मग सगळे हसले. सगळ्यांत आधी ती. गुरुजींनी तिच्या हातात नारळ ठेवला. “बघा,” ते हळूच म्हणाले, “नासला नाय.”

मी अनेक हुशार माणसं पाहिलीत. न फसणारी. ती आपल्या हुशारीवर खूश असतात आणि त्यांचा दुसऱ्याला उपयोग शून्य. गुरुजी फसले, आणि त्या फसण्यावर त्यांनी अख्ख्या कॉलनीला उभं राहायला जागा करून दिली.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला : ‘गुरुजी गेले.’

मी बायकोला म्हणालो, “खोटं आहे. कुणीतरी त्यांच्या नावावर काहीतरी काढलंय.” आदल्या दिवशीच त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी थांबवून माझ्या मुलीसाठी पैठणचं एक स्थळ सुचवलं होतं. मी जे शिकलो होतो ते केलं. ज्याच्याबद्दल निरोप, त्यालाच फोन. पाच घरांवर राहणाऱ्या माणसाला चालत जाऊन बघता आलं असतं, पण मी फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि मग कुणीतरी उचलला. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो. “गुरुजी, अहो, बघा, तुमच्याबद्दल काय वाट्टेल ते पाठवतायत लोक!”

पलीकडून त्यांच्या सुनेचा आवाज आला. “भाऊजी, मी बोलतेय.”

पुढच्या रविवारच्या बैठकीला ती आली. तिच्या हातात नारळ होता. “बाबांनी आणून ठेवला होता,” म्हणाली, आणि तो टेबलावर ठेवून बाजूला उभी राहिली. आज नारळ कुणाला, हे विचारणारं कुणी नव्हतं. शेवटी आईच पहिल्या रांगेतून म्हणाली, “याला द्या. याचं काहीतरी राहिलंय.”

मी उठलो आणि फोनची गोष्ट सांगितली. मला खोटं वाटलं होतं, ते खोटं निघावं म्हणून मी कसा हसत हसत बोललो, तेही सांगितलं. सांगताना सगळे हसले. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही.

घरी येऊन नारळ ओट्यावर ठेवला. बायकोनं तो उचलला, कानापाशी नेऊन हलवला आणि आतल्या पाण्याचा आवाज ऐकला. मग पदरानं पुसून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं नीट बसवला.

“याला हात लावू नका,” ती म्हणाली. “चटणीला दुसरा आणा.”